डायलचं कुलूप

नव्या फोनच्या डायलला सासऱ्यांनी शेजाऱ्यांच्या भीतीनं कुलूप लावलं आणि चावी धाकट्या जावेला दिली. "ती शिकेल शे," म्हणाले, म्हणजे शिकलेली आहे म्हणून. वीस वर्षं या घरात भाकरी मी थापतेय, आणि चावी तिच्या मंगळसूत्रात! रोज दुपारी ती कुलूप काढून धुळ्याच्या मैत्रिणीशी खिदळायची. माझा जीव जळायचा. एकदा दुरुस्तीला आलेला लाइनमन बोलून गेला, "अक्का, कुलूप असलं तरी फोन लागतो. रिसिव्हर उचलायचा, जेवढा आकडा तेवढ्यांदा त्याच्या खालचं बटण दाबायचं, ज्यानं फोन कट होतो ते." काल धाकटी मेहरूणला हळदीकुंकवाला गेली. मी पदर खोचून फोनजवळ बसले. रिसिव्हर कानाला लावला, बोट बटणावर ठेवलं आणि थांबले. लावू कुणाला? नशिराबादला माहेरी फोन नाही. मैत्रिणी लग्नाबरोबर सुटल्या. पाठ होता एकच नंबर, आमच्याच घरचा. तोच दाबला. एंगेज लागला. तिथंही धाकटीच बोलत असणार.