आडोसा

बांबूच्या बेटाशेजारी छाटलेल्या रोगट काठ्यांचा ढीग पडला होता. पानापानावर तांबूस ठिपके होते. कृषी सहायक बजावून गेला होता, "फवारणी नंतर. आधी हे सगळं जाळा, नाहीतर बुरशी उरलेलं बेटही खाईल." या बेटावरच बुरडांचं ते घर सुपं-टोपल्या विणून जगत होतं.

पण काडी ओढायला कोणी पुढे येईना. बांबू जाळणाऱ्याचा वंश बुडतो, हे घरात प्रत्येकाने लहानपणापासून ऐकलेलं.

शेवटी सासऱ्यांनी आगपेटी धाकट्या सुनेपुढे धरली. "तूच पेटव, शेवंता. तुला काय..." पुढचं त्यांनी गिळलं.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, कूस उजवली नव्हती. पुतण्याच्या बारशाला थोरल्या जावेने तिला पाळण्याला हात लावू दिला नव्हता. शेवंताने आगपेटी घेतली. पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसरीही.

तिसरी काढली, तेव्हा थोरली कडेवरचं पोर खाली ठेवून तिच्याशेजारी येऊन बसली.

"अक्का, लांब व्हा," शेवंता म्हणाली. "तुम्हाला लेकरं आहेत."

थोरलीने काडीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला. म्हणाली, "ओढ आता."