भूल

कुमासीच्या शाळेतले निवृत्त हेडमास्तर ओपोकू यांनी पोरांना जन्मभर एकच गोष्ट शिकवली होती, आपण काळी माणसं कुणापेक्षाही कमी नाही. त्याच बळावर त्यांचा मुलगा कोजो लंडनला हृदयाचा सर्जन झाला आणि आपल्या माणसांसाठी परत आला. आज त्यालाच वडिलांचं हृदय उघडायचं होतं. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी म्हाताऱ्याने त्याचं मनगट धरलं. “रागावू नकोस बाळा. पण त्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंना करू दे.” “बाबा, ती माझ्या हाताखाली शिकतेय अजून.” “असू दे. जिवाचा प्रश्न आहे रे!” शेवटी कोजोने तिला बाजूला घेतलं. “तू त्यांचा हात धरून उभी राहा. भूल चढली की मला हाक मार.” तिला पाहून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. आणि बापाची शुद्ध हरपेपर्यंत कोजो दाराआड लपून राहिला.