डोंगरावरचं लोरिस

"काका, लवकर या! हे लोरिस तुमच्या शेजारी जाऊन बसलंय!"

तो हातमोजे काढत संगणकापाशी आला. पडद्यावर लोरिसांच्या नात्यांचं झाड होतं. मुठीएवढे, बटबटीत डोळ्यांचे, रात्रीच हिंडणारे प्राणी. कोण कुणाच्या किती जवळचं, ते जनुकांवरून ठरवून फांद्या काढलेल्या. दूर कडेला माणसाची फांदी. तुलनेला कुणीतरी लांबचं लागतं, म्हणून त्याने स्वतःचीच थुंकी दिली होती.

त्या फांदीला आज दोन टोकं होती. एक तो. दुसरं, डोंगरावरचं लोरिस.

"अभिनंदन, घरात पाहुणा आला," सहायिका हसली. "नमुन्याला कुणाचा तरी हात लागलाय. माझा नाही हं, ताडून पाहिलं. तुमचाही नाही. लोरिसचे हे केस गोळा कुणी केले होते?"

"तुझ्या काकूने."

तिचं हसू मावळलं.

केस उचलताना बायको हातमोजे काढायची. तो ओरडायचा. "मोज्यातून काही कळत नाही रे," ती म्हणायची.

डोंगरावरचं लोरिस वेगळ्याच जातीचं आहे, हे ती शेवटच्या आजारपणातही सांगत होती. कुणी मानलं नव्हतं. ती गेली आणि मागे हा एवढा एकच नमुना राहिला.

"टाकून द्यायचा का?"

"नाही. माणसाचं तेवढं गाळ. खाली लोरिसचं असेल."

"आणि गाळलेलं?" ती अडखळली. "माणसाचं काही ठेवायचं नाही, हा नियम तुमचाच आहे."

तो खुर्ची ओढून पडद्यासमोर बसला. दोन्ही टोकं अगदी चिकटून होती.

"काका, आजचा दिवस राहू दे का? उद्या करू."

"नको. आधीच फार उशीर झालाय तिला."

सहायिकेने कळ दाबली. झाड पुसलं गेलं आणि हळूहळू पुन्हा उभं राहू लागलं. लोरिसांच्या घोळक्यात, बाकी सगळ्यांपासून फटकून, एक नवी फांदी फुटली.

"काका! काकूंचं खरं होतं!"

"होतंच," तो म्हणाला.

तो दुसऱ्या कडेला बघत होता. माणसाच्या फांदीला आता एकच टोक होतं.