फादरची जागा

शांतवन साळवे चुकून फादरच्या जागी बसला. तो वाढला नगरकडच्या मिशनच्या चर्चमध्ये. तिथे साधी बाकं, समोर क्रूस आणि पाळकसाहेबांचा उपदेश, बस्स. आपली पापं कुणाच्या कानात सांगायची तिथे पद्धतच नव्हती. गिरगावातल्या या कॅथलिक देवळात त्याला भिंतीलगत, पापं कबूल करायचं म्हणतात ते, मोठं लाकडी कपाट दिसलं. मध्ये पडदा, आत बसायला जागा. दोन्ही अंगांना जाळी आणि जाळीबाहेर गुडघे टेकायच्या फळ्याही होत्या, पण बसायची जागा रिकामी असताना शहाणा माणूस गुडघ्यांवर कशाला जाईल? तो आत शिरला, पडदा ओढला आणि कुणीतरी येऊन विचारेल म्हणून वाट पाहू लागला.

तो साध्या कपड्यांत आला होता. पोलिसाचा गणवेश घालून या गल्लीत यायची आता त्याची छाती नव्हती. जानेवारीत, संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं तेव्हा, याच देवळामागच्या चाळीत त्याने एका पोराला गोळी घातली होती. पाळकसाहेब म्हणाले, "तू हुकूम पाळलास, शांतवन. मनापासून पश्चात्ताप झाला ना? मग देवाने क्षमा केलीच. मध्ये माणूस लागत नाही." यावर त्याचा विश्वास होता, अगदी लहानपणापासून. पण हुकूम रस्त्यापुरता होता. पळणाऱ्याच्या मागे जिन्यात शिरायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे त्याने पाळकसाहेबांना सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून डोळा लागला की ते पोरगं यायचं. पाठमोरंच यायचं. पेपरात मेलेल्यांची नावं आली होती, त्यातलं त्या पोराचं कुठलं हेही त्याला ठाऊक नव्हतं. कॅथलिकांमध्ये म्हणे फादर निदान शिक्षा तरी देतो. शांतवनला ती हवी होती.

डाव्या हाताची फळी करकरली. जाळीपलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"आशीर्वाद द्या फादर. मी पाप केलंय."

पडदा सारून बाहेर पडावं तर ती अगदी बाजूलाच. तो गप्प राहिला, आणि त्याचं गप्प राहणं तिला 'बोल' म्हटल्यासारखं वाटलं.

"आमच्या फादरना सांगितलं होतं मी. ते म्हणाले, ह्यात पाप कसलं? कर्फ्यू होता, तू दार लावलंस, बरोबर केलंस. आता पापच नाय म्हटल्यावर माफी पण नाय, प्रायश्चित्त पण नाय. ईस्टरसाठी बाहेरचे फादर आलेत असं ऐकलं, म्हटलं तुम्हाला तरी कळेल."

"कसलं दार?" शांतवन बोलून गेला.

"माझ्या घराचं. खाली पोलीस ओरडत होता, दारं लावून घ्या, दारं लावून घ्या. मी कडी घातली. तेवढ्यात एक पोरगा जिना चढून आला नि दार बडवाय लागला. मावशी, उघडा. मावशी म्हणाला मला. माझा हात कडीवरच होता, फादर. काढली नाय मी. मग आवाज झाला."

पोरगं वर जाऊन का थांबलं, हात वर करून काय करत होतं, हा प्रश्न शांतवनला रोज पडायचा. त्याला वाटलं होतं, दगड उगारला असेल. ते दार वाजवत होतं.

"मोठं प्रायश्चित्त द्या," म्हातारी म्हणाली. "चार प्रार्थना म्हण नि जा, असं नको. मला पुरायचं नाय ते."

दोन शब्द बोलला असता तर ती उठून घरी गेली असती आणि रात्री झोपलीही असती. त्याला तिची फार दया आली. पण देवाच्या वतीने माफी द्यायची, तीही त्याने?

"बाई, मी फादर नाही," तो म्हणाला. "तुम्हाला दार लावायला सांगणारा मीच. जिन्यात आलो तोही मीच. वर यायचा हुकूम नव्हता मला."

ती उठून गेली असती, आरडाओरडा केला असता, तर त्याला बरं वाटलं असतं.

"मग इथे का बसलास?" शेवटी तिने विचारलं.

"चुकून बसलो. आमच्यात अशी जागा नसते. आमच्यात ज्याने त्याने देवाला सांगायचं."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मिळाली माफी?"

"मिळाली म्हणतात."

"झोप लागते?"

"नाही."

ती उठली नाही. शांतवनने कपाळ जाळीला टेकवलं. इतके दिवस तोंडाशी येऊन परत गेलेलं त्याने विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

"मला माहीत आहे. पण सांगणार नाय. लालबागला आई आहे त्याची, मीराबाई. गणेश टॉकीजच्या मागची चाळ, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. तिला जाऊन विचार."

"तुम्ही गेला होता?"

"दोनदा गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले. दार वाजायचा अवकाश, ती आतून धावत येते, तोच आला समजून. आणि मला बघून तोंड उतरतं तिचं. दोन्ही वेळा मी म्हटलं, घर चुकले."