पहिल्या तुकडीचा विद्यार्थी

“मान्यता, मान्यता! सरकारी मान्यता काय चाटायचीय, ताई?” कुलपती खो खो हसले. “आमची पोरं बघा. हातात कसब आहे त्यांच्या. कागदाला कोण विचारतं आजकाल?”

आत्या हसली नाही. उभी हयात तिने वजनमाप खात्यात काढली होती. आपल्या तराजूवर आपणच शिक्का मारून मोकळे होणारे महाभाग तिने ढिगाने पाहिले होते. हा त्यातलाच एक, फक्त याची केबिन थंडगार होती. भिंतीवर ढाली आणि प्रशस्तिपत्रं दाटीवाटीने लटकलेली. सगळी याच विद्यापीठाने याच विद्यापीठाला दिलेली. लाज कशी वाटत नाही, आत्याला प्रश्न पडला.

पण भाचीचा जीव नेमका इथेच अडकला होता. काचेची इमारत, पोहण्याचा तलाव, चकचकीत यंत्रशाळा बघून पोरगी पार विरघळली होती. तिचे आईवडील नोकरीसाठी लांब, त्यामुळे पालक म्हणून सही आत्याची. सही झाली की पोरीची चार वर्षं या बोलघेवड्याच्या हवाली.

“आत्या, प्लीज ना,” भाची कुजबुजली.

“आधी यंत्रशाळा दाखवा. मग बघू,” आत्या म्हणाली.

तिघं केबिनबाहेर आली. मघाशी बंद पडून दोघींना धापा टाकत सातव्या मजल्यावर चढायला लावणारी लिफ्ट आता चालू झाली होती. दार उघडलं. आत लिफ्ट कंपनीच्या गणवेशातला एक तरुण उभा होता, खांद्याला अवजारांची पिशवी. कुलपतींना पाहताच त्याचा चेहरा फुलला.

“सर! ओळखलंत? मी तुमच्या पहिल्या तुकडीचा, मेकॅनिकलचा! या ना, झाली दुरुस्त!”

कुलपतींचा आत पडलेला पाय तसाच मागे आला. “वा! शाब्बास!” ते म्हणाले. त्यांनी लिफ्टच्या छताकडे पाहिलं, मग त्या तरुणाकडे. “तुम्ही व्हा पुढे. आपण बुवा जिन्याने. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.”

आणि ते अवजड धूड कठडा धरून, कण्हत, एकेक पायरी उतरू लागलं. इतका वेळ कसबाच्या गप्पा झोडणारा हाच तो माणूस! आत्याला त्याची किळस आली. भाची एकदा लिफ्टकडे, एकदा जिन्याकडे बघत राहिली.

तरुणाचं हसू मावळलं. तो लिफ्टमधून बाहेर आला आणि जिन्यात वाकून म्हणाला,

“घाबरू नका, सर. दुरुस्ती दुसऱ्याने केलीय. तुमची पदवी बघून कंपनीने मला फक्त ही पिशवी उचलायला ठेवलंय.”