पोळ्यापर्यंतची राखी

कुंडलिक पाटावर बसला आन् त्यानं डावा हात पुढं केला.

"आरं, उजवा दे," त्याची आई ठकूबाई म्हणाली. "राखी काय डाव्या हाताला बांधत्यात व्हय?"

उजवा त्यानं टॉवेलाखाली ठिवलेला. त्याला आता अंगठा आन् करंगळीच उरली व्हती. गेल्या साली राखीचा सण झाला, त्याच आठवड्यात पिंपळवंडीच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात ड्रिल मशीननं मधली तीन बोटं नेली.

"हातमोजा अडकला," असं त्यानं आईला सांगितलं, बहिणीला सांगितलं, बघाया आलेल्या पावण्यांना सांगितलं. त्या दिशी त्यानं मोजा घातलाच नव्हता. फिरत्या ड्रिलनं धरला तो राखीचा रेशमी गोंडा. राखी पोळ्यापर्यंत हातातून काढायची न्हाई, मंग बैलाच्या शिंगाला बांधायची, ही ठकूबाईच्या घरची रीत. जोडीला काम करणारा सुभाष म्हणला व्हता, "काढून ठिव की राव." हा म्हणला, "बहिणीची हाय." त्यानंतर सुभाषनंबी कुणापशी तोंड उघडलं न्हाई.

बहीण अक्षदा सकाळच्या येष्टीनं मढवरनं आली व्हती. तिनं ताटातली राखी उचलली. नुसता दोरा आन् एक मणी.

"यंदा लई बारकी आणलीस," कुंडलिक हसत म्हणला. "गेल्या साली तर पार कोंबड्याचा तुरा व्हता."

अक्षदा हसली न्हाई.

"बांध गं. आन् तू पोळ्यापर्यंत सोडू नको रे," म्हणत ठकूबाई निरांजनाला तूप आणाया आत गेली.

अक्षदानं टॉवेल बाजूला सारला. त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. पर बांधंना.

"हातमोजाच व्हता नं, दादा?"

"मोजाच. कितींदा सांगू?"

"दवाखान्यातला तुझा रगताचा शर्ट म्याच धुतला रं." तिचा आवाज खाली आला. "बाहीत गोंडा गावला. लोखंडाच्या किसात गुंडाळलेला."



"बांधलीस का गं?" आतून ठकूबाईनं इचारलं.

"बांधली, आई."

अक्षदानं राखी त्याच्या तळव्यावर ठिवली. अंगठा मिटवला, करंगळी मिटवली. मधी मोकळंच राहिलं. तिथं तिनं आपली बोटं ठिवली, आन् ठकूबाई तूप घेऊन उंबऱ्यापशी आली तरी काढली न्हाईत.