क्रौंचांचं तळं

चाक वाळूत रुतलं आणि हिल्डे सायकलसकट हीदरच्या जांभळ्या झुडपांत आडवी झाली. गुडघा सोलवटला, पण तिने आधी हँडलला बांधलेली पिशवी चाचपली. आतला बिस्किटांचा पत्र्याचा डबा जागेवर होता. झाकणही घट्ट होतं. डब्यात तिचा नवरा होता.

हार्म वसंतात गेला, आता ऑगस्ट सरत आला होता. "मला दगडाखाली कोंबू नका, तळ्यात सोडा," असं तो जन्मभर म्हणत आला, आणि या देशात नेमकं तेवढंच करता येत नाही. रक्षा स्मशानभूमीतच पुरायची. घरी ठेवायची नाही, पाण्यात तर नाहीच नाही. म्हणून हिल्डेने त्याला सीमेपलीकडे हॉलंडला नेलं. तिथे दहनानंतर रक्षा हातात देतात. परतताना तिने ती बिस्किटांच्या डब्यात लपवून आणली. बिनतिकिटाने कधी ट्राममध्येही न चढलेली बाई ती. हा डबा कुणाच्या नजरेस पडला, तर हार्म गावच्या स्मशानात दगडाखाली जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मोइन. लागलं का हो?"

तिने वर पाहिलं. हिरव्या शर्टातला माणूस सायकलवरून उतरत होता. छातीवर वनरक्षकाचा बिल्ला होता.

"मोइन," तिनेही नमस्कार केला. "नाही, काही नाही."

"चाकं दगडासारखी टणक केलीत तुम्ही. वाळूत असं चालत नाही." त्याने गुडघ्यावर बसून दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली. पिशवी तिरकी झाली होती, तीही नीट केली. डबा आतल्या आत खडखडला. मग तो सायकलकडे बघत राहिला. "ही हार्मची ना?"

हिल्डेने बिल्ल्यावरचं नाव वाचलं. हा एन्नो. हार्म घरी येऊन याचेच किस्से सांगायचा. हा माणूस म्हणजे चालतंबोलतं नियमांचं पुस्तक, मूठभर अळंबी जास्त तोडली तर दंड केल्याशिवाय सोडत नाही.

"मी त्याची बायको."

"वाटलंच. ऐकून फार वाईट वाटलं. कुठं ठेवलंय त्यांना? फुलं घेऊन जाईन म्हणतो."

"हॉलंडला," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून अर्धं खरं सांगून टाकलं. "बहीण असते त्याची तिकडं."

"अस्सं. आणि आता कुठं निघालात?"

"तळ्यापर्यंत. बसून येईन जरा."

"चला मग, मीही तिकडंच चाललोय. वाटेत पुन्हा लोळण घेतलीत तर उचलायला कुणी हवं."

नाही म्हणायला कारण सुचेना. दोघं निघाली. माळावर काळ्या तोंडाच्या मेंढ्या चरत होत्या, पुढे पाइनचं जंगल लागलं. चाकांखाली खडी कुरकुरत होती. हार्म दर रविवारी या वाटांवरून धुळीने माखून यायचा आणि हिल्डे म्हणायची, साठी उलटली तरी पोरगं मातीत खेळतंय. तो तिलाही चल म्हणायचा. एकदा तरी जायला हवं होतं, असं तिला आता फार वाटलं. हा कुरकुरणारा आवाज तिला आवडला होता.

जंगलातल्या वळणावर दोन तरुण सायकलवाले झाडीतून आडवाट काढताना दिसले. एन्नोने त्यांना थांबवलं.

"वाट कुठं आहे?"

"अहो, शंभर पावलं वाचतात इथनं."

"आणि पाखरांची घरटी जातात. फिरा मागं."

पोरं तोंड वाकडं करत मागे फिरली. हिल्डेने पिशवीवर हात ठेवला. याला काही दयामाया नाही, असं तिच्या मनात आलं.

तळं आलं. काठाशी दोर बांधला होता आणि पाटी होती: क्रौंचांची वीण, प्रवेश बंद. एन्नो अलीकडच्या बाकावर बसला, थर्मासमधली कॉफी ओतून एक पेला तिच्यापुढे धरला. डबा मांडीवर घेऊन ती त्याच्या उठून जाण्याची वाट बघत होती. तो मात्र पाय पसरून ऐसपैस बसला.

"त्या डब्यात केक असेल तर काढा की," तो म्हणाला. "माझ्याकडे नुसता पाव आहे."

हिल्डेने पेला बाकावर ठेवला आणि डबा जवळ ओढला.

"तो... हार्मसाठी आहे."

एन्नोने डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हिल्डेला रडू आवरेना.

"दंड लावा," ती म्हणाली. "किती लावायचा तो लावा. पण त्याला स्मशानात दगडाखाली नेऊ नका. त्याला इथंच यायचं होतं. मी एवढं एकच कबूल केलं होतं हो त्याला."

एन्नोने थर्मासचं झाकण लावलं. उठला, दोरापाशी गेला आणि दोर हाताने वर उचलून धरला.

"उजवीकडं जा, तिथं पाणी खोल आहे. आणि वाऱ्याकडं पाठ करा, नाहीतर सगळं तोंडावर येतं."

तिने डोळे पुसले, डबा छातीशी धरला आणि वाकून दोराखालून पलीकडे गेली. दोन पावलं टाकून थबकली. जन्मभराची सवय अशी थोडीच सुटते.

"आणि क्रौंच?" तिने विचारलं. "ते बिथरणार नाहीत ना?"

"या तळ्यावर क्रौंच कधी आलेच नाहीत, बाई," एन्नो म्हणाला. "आईला इथं सोडलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ही पाटी ठोकली."